ऊब आलेला दगड

बाबांच्या मागावरचा ताणा उंदरांनी कुरतडला नव्हता. तो मी ब्लेडने कापला होता. हे एवढे वाक्य लिहायला मला तीस वर्षे लागली.

आमच्या घरी हातमाग होता. ताण्याला, म्हणजे मागावर लांबीने ताणलेल्या धाग्यांना, तांदळाची खळ देत, आणि तिच्या वासाने उंदीर येत. म्हणून माग थांबला की त्यावर जाड कापड घालून कडा दाबून ठेवायचे काम ताईकडे होते. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. नुकतीच ती मागावर बसू लागली होती, आणि तिचा हात माझ्याहून कितीतरी सफाईदार होता. मला मात्र बुटीबोरीच्या कारखान्यात जायचे होते.

"हा ताणा विणून उतरेस्तोवर कुठी जायचं नाही," बाबांनी बजावले होते.

एका दुपारी सगळे लग्नाला गेले असताना मी कापड उचलले. धागे कापून झाल्यावर त्यांची टोके नखांनी विस्कटली, म्हणजे ती दातांची वाटावीत.

बाबांनी आल्यावर टोके पाहिली. ताईला म्हणाले, "तुले एक कापड झाकता येत नाही, अन् माग चालवाले निघाली."

"झाकलं होतं, बाबा," ताई एकदाच म्हणाली.

बाबांनी तो ताणा टाकून दिला नाही. ते आणि ताई अकरा दिवस धाग्याला धागा जोडत बसले. माग बंद पडल्याने मला अडवायला कारण उरले नाही, आणि मी तिसऱ्याच दिवशी कारखान्यात रुजू झालो. ताणा पुन्हा उभा राहिला. ताईला मात्र बाबांनी त्यानंतर कधीच मागावर बसू दिले नाही.

पुढे कारखान्यात नवी यंत्रे बसवायला आलेल्या एका जपानी अभियंत्याने त्याच्याकडची म्हण आम्हांला सांगितली. दगडावरही तीन वर्षे. गार दगडावर तीन वर्षे नेटाने बसले, तर त्यालाही ऊब येते. नव्या कामगारांना ही म्हण समजावण्याचे काम माझ्याकडे आले, आणि दरवेळी मी बाबांचे ते अकरा दिवस सांगू लागलो. उंदरांसकट. ऐकणारे गंभीर होत. एकदा एकाचे डोळे भरून आलेले पाहून मला समाधान वाटले होते, हेही कबूल केले पाहिजे. ऊब दगड निवडत नाही, हे मला फार उशिरा कळले. चिकाटीने बसले तर खोटेपणाही बसण्याजोगा होतो.

बाबा गेले. गेल्या महिन्यात माझ्या मुलाने माझे असे एक भाषण मोबाइलवर ताईला पाठवले. त्या रविवारी मी सक्करदऱ्याला तिच्या घरी गेलो, तेव्हा ती सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत बसली होती.

"ये गा, साहेब. भाषण पाह्यलं तुह्यं. बाबा असते तं म्हणले असते, एवढा वेळ बोलण्यापरीस चार धागे जोड."

मी हसलो.

"पण मले काहून गाळलं?" तिने विचारले.

"कशातून?"

"उंदराच्या गोष्टीतून. कापड नीट झाकलं नाही मी, म्हणून तं झालं सारं. सांगाचं ना लोकायले, चूक बहिणीची होती म्हणून. आता कोण रागावून राहिलं मले?"

ती हे सहज, काड्या मोडता मोडता म्हणाली. "झाकलं होतं" असे त्या दिवशी म्हणणारी ताई आता माझी चूक आपली मानून बसली होती. तिच्या हातांकडे मी पाहत राहिलो. बोटे अजूनही काडी न् काडी वेगळी करत होती, जशी ती कधी काळी धागे वेगळे करत. मी बोललो नसतो, तर ती असेच मानत गेली असती.

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"ताई, तू कापड नीट झाकलं होतं. उंदीर नव्हतेच वं. ब्लेड होतं, अन् हात माहा होता. तुह्या हातचा माग माह्यापायी सुटला. मले माफ कर."