अंबूबाईंचा आठ आकडी शोध

वडगावच्या अंबूबाई हातमागावर साड्या विणायच्या. शहापूरच्या मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत शिकल्या होत्या. मागावर उभे धागे चढवण्याआधी त्या भागाकार करून बघायच्या. नक्षीच्या धाग्यांनी पुरता भाग गेला नाही, तर काठाशी येऊन फूल अर्ध्यात तुटायचं. पुढं त्यांना हे अडवणारे आकडेच आवडू लागले. एक आणि स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारे. पुस्तकात त्यांना मूळ संख्या म्हणतात.

१९३१ साली त्यांनी पाटीवर सात लिहिला आणि उजवीकडं एकेक आकडा जोडत निघाल्या. प्रत्येक वेळी तयार होणारी संख्या मूळच राहिली पाहिजे. त्र्याहत्तर झाले, मग सातशे एकोणचाळीस. कितीतरी वाटा मध्येच बंद पडल्या, त्या पुसून अंबूबाई मागं फिरल्या. तिसऱ्या वर्षी आठ आकडे उभे राहिले: ७३९३९१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. एवढ्या एकाच संख्येसाठी हजाराहून जास्त भागाकार झाले होते.

"मिळतंय काय ह्यातनं?" नवऱ्यानं, केदारींनी विचारलं.

"काय न्हाय. खरं हाय का तेवढं बघायचं हाय."

बेळगुंदीचे नागोजी मास्तर लेकीसाठी साडी न्यायला आले आणि भागाकारांचे सगळे कागद तपासायला घेऊन गेले. दोन महिन्यांनी परत आले.

"चार ठिकाणी बाकी चुकलीया," ते म्हणाले, "पण भाग कशानंबी जात न्हाय."

मग त्यांनी तळहातानं शेवटचा तीन झाकला. उरलेली संख्या मूळ. आणखी एक आकडा झाकला, तरी मूळ. एकटा सात उरेपर्यंत हात सरकत गेला. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हे तुमी केलंसा, अंबूबाई?"

"मी कुठलं करतंय, मास्तर. माझ्या आज्याच्या आदीबी हे असंच व्हतं. मी नुसतं तितवर गेले."

"आणि नववा आकडा?"

"एक न्हायतर सात लावला की तिनानंच भाग जातोय. तीन आणि नऊ लावून वरीसभर बघितलं, त्येंलाबी भाग गेला. सम आकड्यांचं आणि पाचाचं तर बघायलाच नको."

पहिला आकडाही मूळच हवा, म्हणून पुढं त्यांनी दोन, तीन आणि पाचापासूनच्या वाटाही धरल्या. आठ आकडी आणखी चार संख्या सापडल्या, पण सगळ्या हिच्याहून लहान. १९४६ च्या उन्हाळ्यात शेवटची वाट बंद झाली. मास्तर तोवर वारले होते. अंबूबाईंनी केदारींना मागावरून उठवून शेजारी बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. केदारींना निम्मंच कळलं. त्यांनी ७३९३९१३३ वर बोट ठेवलं.

"म्हंजे असला ह्येच्याहून मोठा आकडा जगात कुटंबी न्हाय?"

"न्हाय," अंबूबाई म्हणाल्या. "कुणीबी, कवाबी शोधू दे."