पाणाड्याचा सहावा माणूस

आमच्या सांगलीच्या जेलात पाणाड्या चालायला लागला की जमीनसुद्धा श्वास रोखून धरायची. यात खोटं असलंच तर चिमूटभर.

तळहातावर नारळ धरून विहिरीची जागा सांगणारा हा माणूस. एकट्यादुकट्याला "पाणी दावतो" म्हणून माळावर न्यायचा आणि पडक्या विहिरीत ढकलून द्यायचा. पाच जण गेले. का, ते त्याने न्यायाधीशालाही सांगितलं नाही. सरकारी वकील म्हणाले, "कबूल हो, विहिरी दाखव, मी फाशी मागत नाही." त्याने पाचही विहिरी दाखवल्या आणि जन्मठेप पदरात पाडून घेतली.

आत मात्र तो नव्या सुनेसारखा वागायचा. मान खाली, तोंडी सगळ्यांना 'दादा'. मी पहाऱ्यावरचा शिपाई, पण मला थंडीताप आला तर त्याने आल्याचा काढा करून दिला. मी तो मोरीत ओतला आणि चार दिवस तिथल्या झुरळांवर नजर ठेवली. सगळी ठणठणीत! उलट जाड झाली.

जेलरसाहेबांनी बोअरसाठी त्याला आवारात फिरवलं, तेव्हा बेडीची दुसरी कडी माझ्या मनगटात होती. कडुनिंबापाशी नारळ ताडकन उभा राहिला, त्याच्याआधी माझे केस. तो कानाशी म्हणाला, "लय भिता राव! ढकलायचं म्हटलं तर मीबी संगंच येनार की."

मुलाखतीच्या दिवशी कडेगावकडची एक म्हातारी फाटकाशी येऊन बसायची. तिचा जवान लेक सुट्टीवर आला होता. पाणाड्याबरोबर माळाकडे जाताना लोकांनी पाहिला तो शेवटचा. पलटणीने त्याला फरारी ठरवलं होतं.

"बाबा, माजं पोर पळपुटं न्हाई रं," ती म्हणायची. "त्येला येवढं इचार."

एकदा धीर करून विचारलं. पाणाड्याने आधी मागे कुणी नाही ना ते पाहिलं.

"वायदा पाचांचा हाय, दादा. सहावा निघाला की दोर." मग आवाज उतरवून म्हणाला, "कडेगावच्या माळावर बुजवलेली हीर हाय, त्यात. सांगा न्हाईतर गिळा. आता तुमचं तुमी बगा."

पुढच्या तीन मुलाखतींना मी संडासात कडी लावून बसलो. चौथ्या वेळी म्हातारीला पाहिलं आणि बोलून गेलो.

हाडं निघाली. गळ्यातला नंबराचा बिल्लाही निघाला. फरारीचा शेरा पुसला गेला. पाणाड्यावर नवा खटला उभा राहिला आणि या खेपेला फाशीच लागली.

फाशीसाठी मोठ्या जेलात हलवताना त्याने मला हाक मारली. मी चार हात लांब उभा राहिलो. तो मायेनं हसला.

"मनाला लावून घेऊ नगा, दादा. पयल्या माणसाला हात कापतोच. मग सवय हुती."

गाडी गेली. माझा हात अजून कापतो. चहाची बशी वाजते, बायको ओरडते. मी तिला काही सांगत नाही. तो कापायचा थांबेल, त्या दिवसाची मला भीती वाटते.