रंगमंचाकडे पाठ

होळी झाली की आमच्या वडशातला नाटकांचा हंगाम संपतो आणि यंदा कोणत्या कंपनीचं साल जोरात गेलं, यावर चहाच्या टपरीवर भांडणं लागतात. शेवटी सगळे समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्या भाऊंकडे बघतात. भाऊ हातातलं पंक्चर काढून घेतात, बोटं पँटीला पुसतात आणि मग निकाल देतात.

नाटकात ते मंडपाच्या पुढच्या खांबाला टेकून, रंगमंचाकडे पाठ करून बसतात. "नट तं रोजच रडते. लोकं रडून राह्यले का नाई, ते पाहा लागते." लोकांच्या तोंडाकडे असं टक लावून बघणं मला कधीच आवडलं नाही.

यंदा त्यांच्याच गावी नाटक होतं. रिवाजाप्रमाणे घरोघरी लेकी-जावई आले. कोरपन्याला दिलेली त्यांची मुलगीही आली. नाटकातल्या सासूनं सुनेला घराबाहेर काढलं, तशा साऱ्या बायका पदरानं डोळे पुसू लागल्या. भाऊंची नजर एका जागी अडकलेली बघून मीही वळलो. त्यांची मुलगी तेवढी कोरड्या डोळ्यांनी, मान खाली घालून बसली होती. भाऊ उठले, गर्दीतून तिच्यापाशी गेले आणि हात धरून तिला घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी जावई एकटाच परतला.

काल टपरीवर निकाल देताना भाऊंनी ते नाटक करणाऱ्या कंपनीचंच नाव घेतलं.

"काऊन भाऊ?" एकजण उसळला. "त्या नाटकाचा शेवट तं साफ पडला होता!"

"शेवट कोणं पाह्यला?" भाऊ म्हणाले. "मले जे पाहाचं होतं, ते मधातच दिसलं."