मावशीनं पोट चोळलं नाही

"मला नका शिकवू," असं म्हणतच मावशी आमचा उंबरा ओलांडायची. कुणी काही शिकवायला गेलेलं नसायचं, तरीही. नांदेडजवळच्या लोहा गावात आमच्या गल्लीतली बहुतेक लेकरं तिच्याच पायांवर तेल लावून, रगडून न्हाऊन निघालेली. अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल.

तिला कळत नाही असं जगात काही नव्हतं. माझी परी तान्ही असताना एकदा रडून रडून लाल झाली. मावशीनं लगेच सांगितलं, "दात येऊन राहिलेत." झबलं काढलं तर आत मुंगी. मावशी जराही ओशाळली नाही. "दातामुळंच लाळ गळती. लाळंला आली मुंगी!"

परी तीन वर्षांची झाली आणि तिचं पोट एका बाजूला फुगल्यासारखं दिसायला लागलं. ती खायची, खेळायची, दुखतं म्हणून कधी म्हणाली नाही. आमच्याकडे पोटाचं काहीही असो, आधी चोळायचं. सासूबाईंनी मावशीला बोलावलं. तिनं तेल कोमट केलं, परीच्या पोटावर तळवा ठेवला आणि मावशीची बडबड थांबली.

"मला न्हाई कळत हे," ती म्हणाली.

खरं सांगते, मी घाबरले ती या वाक्यानंच.

"वायगोळा असंल. जरा जोर लाव की," सासूबाई म्हणाल्या.

"न्हाई. कुणीबी हात लावायचा न्हाई. नांदेडला न्या, आजच." सासूबाई चिडल्या, तशी मावशीनं तेलाची वाटी उचलून सरळ मोरीत ओतली.

नांदेडला सोनोग्राफी झाली. मूत्रपिंडात गाठ होती, कॅन्सरची. डॉक्टरांनी आधी विचारलं, "पोट चोळलं नाही ना?" मी नाही म्हणाले. "बरं केलंत. दाबल्यानं अशी गाठ फुटू शकते. वेळेत आलात, यातून बहुतेक लेकरं बरी होतात." मी तिथंच ढसाढसा रडले.

ऑपरेशन झालं. औषधांनी परीचे केस गेले आणि नंतर पहिल्यापेक्षा दाट आले. आता ती शाळेत जाते आणि माझं अजिबात ऐकत नाही.

मावशीनं मात्र त्यानंतर पोट चोळणंच सोडलं. कुणी लेकरू घेऊन आलं की, "आधी डाक्टरला दावा." म्हातारीचा हात गेला, असं लोक म्हणायचे. तिला ते लागायचं, पण ती बधली नाही.

गेल्या हिवाळ्यात मावशी वारली. त्याआधी एकदा परीला घेऊन मी तिला भेटायला गेले होते. "दाव गं बाई, कुठं कापलं," ती म्हणाली. परीनं फ्रॉक वर केला. अख्खी गल्ली रगडून काढलेली ती बाई व्रणाला बोट लावायला भीत होती.

"दुखत नाही आजी," म्हणत परीनं तिचा हात ओढला आणि पोटावर दाबून धरला.

मावशीचा तळवा बराच वेळ तिथंच होता. "काय बी न्हाई हितं," ती डोळे पुसत म्हणाली, "काय बी न्हाई गं माय."