टाकीमास्तर

टाकीमास्तरांनी कपातला चहा अखेरच्या घोटापर्यंत प्यायलेला मी कधी पाहिला नाही. बशीत ओतून, फुंकर घालून, मोठ्या चवीने पीत. पण तळाशी घोटभर उरला की कप बाजूला सारीत. परळच्या हॉटेलचा मालक प्रथम प्रथम विचारी, चहा बिघडला का? मास्तर म्हणत, "चहा उत्तम आहे. तळचं आपलं नाही." पुढे त्यांनी मला याचा अर्थ सांगितला. विमान जरासे कलले की टाकीच्या तळाचे पेट्रोल एका कोपऱ्यात जाते, नळीच्या तोंडाशी येत नाही. ते टाकीत असते, परंतु कामाचे नसते; म्हणून शहाण्याने ते हिशेबात धरू नये. हा नियम चहालाही लावणाऱ्या माणसाला आमच्या भागात काहींनी वेडा म्हटले. मी अर्जनवीस आहे. कोर्टाच्या कुंपणाशी बसून मी इतक्या माणसांची गाऱ्हाणी ऐकली आहेत की माणसाची पारख हा माझा अधिकार आहे असे मी समजतो. त्या अधिकाराने लिहितो की, मास्तरांइतका ताळ्यावरचा माणूस मला दुसरा भेटला नाही.

मास्तर दादरच्या एका शाळेत चित्रकला शिकवीत आणि लालबागेत आमच्याच चाळीत राहत. लढाईच्या काळात ते विमानांच्या दुरुस्तीखान्यात होते. पुढे जुहूच्या विमानतळावर जाऊन विमान चालवायलाही शिकले. भंगारातून मिळवलेल्या एका लहानशा इंजिनाभोवती ते स्वतःच्या हातांनी दोन आसनांचे विमान बांधीत होते. जागा म्हणजे मूर्तींचा कारखाना. गणपतीचा मोसम आला की विमानाचा सांगाडा दोरखंडांनी आढ्याला चढवला जाई. खाली मूर्तींच्या रांगा, वर विमान. विसर्जन झाले की ते पुन्हा जमिनीवर. मूर्तिकार थट्टेने म्हणे, "मास्तर, तुमच्या पेट्रोलच्या वासानं यंदा बाप्पा शिंकणार." पंखांचे कापड वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीने, चाळीच्या गॅलरीत बसून हाताने शिवले होते. त्यावर मास्तर रुपेरी रोगणाचे हात देत. ते वाळले की कापड ढोलासारखे ताणले जाई आणि त्यातून वारादेखील पार होत नसे. वहिनी त्यावर टिचकी मारीत, आवाज ऐकत आणि समाधानाने आत जात.

विमानाचे बाकी सारे मास्तरांना सुखाने साधले. वेळ खाल्ला तो टाकीने, आणि त्यावरूनच त्यांना ते नाव पडले. पत्रा कापून, सांध्यांना डाग देऊन केलेली ही टाकी पंखाच्या मध्यभागी, बसणाऱ्यांच्या डोक्यावर होती. तिथून पेट्रोल आपल्या वजनाने खाली इंजिनात उतरे. पंप त्यांना नको होता. "पंप बिघडतो. वजन बिघडत नाही," असे ते म्हणत. मात्र टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी सतत उतरती हवी, असा त्यांचा हट्ट होता. कारण वाटेत उंचवटा राहिला तर तिथे वाफ अडकते आणि पेट्रोल थांबते. ते डोळे मिटून नळीवरून बोट फिरवीत. संध्याकाळी मी माझे मसुदे त्यांना वाचून दाखवी, तेव्हाही ते असेच डोळे मिटून ऐकत. मध्येच हात वर करून म्हणत, "आप्पा, इथे चढ आहे. साहेब इथे अडकेल." माझ्या मसुद्यात दुरुस्ती सुचवण्याची मुभा मी वकिलांनाही दिलेली नाही. मास्तरांना दिली होती. ते वाक्य मी काढून टाकी, आणि अर्ज खरोखरच खालपर्यंत वाहत जाई.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. संचारबंदीत गस्तीच्या जमादाराला कारखान्यातून पेट्रोलचा वास आला आणि पुढे काठोकाठ भरलेली टाकी दिसली. अशा दिवसांत, लालबागसारख्या ठिकाणी, इतके पेट्रोल कशाला, असे त्याने विचारले. मास्तरांनी त्याला समजावले की अर्धी टाकी रिकामी ठेवली तर मुंबईची दमट हवा आत शिरते, रात्री गार पत्र्यावर तिचे पाणी धरते आणि ते पाणी तळाशी बसते. म्हणून टाकी सदैव भरलेली ठेवावी. जमादाराने हे सर्व ऐकून त्यांना चौकीवर नेले. मी तातडीने एक सविस्तर निवेदन रचले आणि स्वतः घेऊन गेलो. मी पोहोचलो तेव्हा मास्तर चौकीतल्या दिव्याशी काचेची बाटली धरून जमादाराला पेट्रोलखाली बसलेला पाण्याचा थेंब दाखवीत होते आणि जमादार खाली वाकून पाहत होता. तरीही सुटका माझ्या निवेदनाने झाली, असे मी आजही मानतो.

मोर्च्यांना ते नेमाने येत, परंतु अंगातल्या बळाचे तीन वाटे करून. "जायला एक, यायला एक आणि चुकायला एक," हा त्यांचा उड्डाणाचा हिशेब. पहिला वाटा संपला की ते घराकडे वळत. शेजारच्या खोलीतला सावंत त्यांना टोमणा मारी, "काय मास्तर, महाराष्ट्र मिळायच्या आधीच घरी?" मास्तर शांतपणे उत्तर देत, "मिळाला की तो बघायला कुणीतरी धड घरी पोचायला हवं ना."

परंतु त्यांचा सर्वांत कडक नियम होता वाऱ्याच्या नळीचा. टाकीतून जेवढे पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यावी लागते. रॉकेलच्या डब्याला आपण दोन भोके पाडतो, ती याचसाठी. त्याकरिता टाकीच्या माथ्यावर एक बारीक, उघड्या तोंडाची नळी होती. ती खालून दिसत नसे. इंजिन सुरू करण्यापूर्वी मास्तर प्रत्येक वेळी स्टूलवर चढत आणि तिच्या तोंडाला स्वतःचे बोट लावून पाहत. नुसते पाहून त्यांचे समाधान होत नसे.

अखेर हवाई खात्याचे साहेब तपासणीला येणार असे ठरले. तो अर्ज अर्थातच माझा होता. हातगाड्यांवरून विमान जुहूला नेले, जोडले, आणि आदल्या संध्याकाळी मास्तरांनी पाणी अडवणाऱ्या हरणाच्या कातड्यातून पेट्रोल गाळून टाकी भरली. सकाळी साहेब ठरल्या वेळेआधी आले. ते घाईत होते, भोवती माणसे जमली होती. मास्तरांनी तळाचे पेट्रोल बाटलीत घेऊन पाहिले आणि ते थेट आसनात जाऊन बसले. स्टूल जागीच राहिले. इंजिन छान धडधडले. मग मास्तरांनी जोर वाढवला तसे ते खोकले, आचके देऊ लागले आणि बंद पडले.

मास्तर खाली उतरले ते सरळ स्टूलवर चढले. वाऱ्याच्या नळीच्या तोंडाला रुपेरी कापडाचा एक तुकडा दोऱ्याने घट्ट बांधलेला होता. पंखाचाच उरलेला तुकडा, रोगण दिलेला. साध्या फडक्यातून थोडीतरी हवा गेली असती, यातून जाणे शक्य नव्हते. गाठ कोणाची ते त्यांनी ओळखले असावे, कारण त्यांनी मागे वळून पाहिले. बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे जेवणाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला होता. आदल्या संध्याकाळी पंख पुसताना त्यांना ती उघडी नळी दिसली होती. चाळीच्या टाकीची नळी उघडी राहिली की डासांसाठी फिरणारा म्युनिसिपालटीचा माणूस नोटीस लावून जातो, म्हणून तिचे तोंड कापडाने बांधणे त्यांच्या अंगवळणी पडलेले. विमानाचे काम म्हणून त्यांनी घरातले सर्वांत चांगले कापड बांधले होते.

मास्तरांनी तुकडा काढला. इंजिन पुन्हा सुरू झाले आणि न अडखळता चालले. साहेब भले गृहस्थ होते. असे होतेच, विमानात दोष नाही, असे म्हणून त्यांनी सहीसाठी पेन काढले.

"आज नको, साहेब," मास्तर म्हणाले. "आज मी बोट लावलं नाही. वर गेल्यावर स्टूल मिळत नाही."

साहेबांनी पेन मिटले आणि पुन्हा अर्ज करा म्हणून सांगितले. माझ्या पेशाच्या आयुष्यात मंजूर होत असलेला अर्ज अर्जदारानेच परत घेतल्याचे ते एकमेव उदाहरण.

चाळीत बातमी विमानाआधी पोहोचली. सावंत गॅलरीतून सर्वांना ऐकू जाईल असे बोलला, "मास्तरणीनं नवऱ्याला बरोबर दावणीला बांधलान." वहिनी नळावर जायच्या बंद झाल्या. शिवणाची पेटी त्यांनी माळ्यावर टाकली. एके दिवशी त्या माझ्या बसण्याच्या जागी आल्या आणि उभ्यानेच म्हणाल्या, "भावोजी, पुन्हा अर्ज लिहू नका. ह्यांनी कितीही सांगितलं तरी लिहू नका. माझ्या हातानं ते वर गेले असते."

मोसम आला, विमान आढ्याला गेले, मूर्ती घडल्या, रंगल्या, गेल्या. विमान पुन्हा खाली आले तेव्हा मास्तर माझ्याकडे आले आणि म्हणाले, अर्ज पूर्वीचाच ठेवा, एक वाक्य वाढवा. ते वाक्य असे होते: उड्डाणापूर्वी वाऱ्याच्या नळीची अखेरची तपासणी अर्जदाराची पत्नी करील आणि तिने सांगितल्याखेरीज इंजिन सुरू केले जाणार नाही. मी त्यांना स्पष्ट सांगितले की अशा वाक्याला सरकारदरबारी आधार नाही. शिवाय ज्या बाईच्या हातून घोटाळा झाला तिचाच उल्लेख करणे म्हणजे अर्ज स्वतःच फेटाळून घेणे.

"आप्पा," मास्तर म्हणाले, "माझं बोट विसरलं होतं. तिचं आता जन्मात विसरायचं नाही."

मी ते वाक्य लिहिले. साहेबांनी त्याखाली लाल रेघ ओढली आणि तारीख दिली.

जुहूच्या त्या दुसऱ्या सकाळी वहिनी येणार नाहीत अशीच माझी खात्री होती. त्या आल्या, पण दोन्ही हात पदरात गुंडाळून. मास्तरांनी स्टूल पंखाखाली ठेवले, "तुझं झालं की सांग," म्हणाले आणि पाठ करून उभे राहिले. साहेबांनी घड्याळ पाहिले नाही, हे त्यांचे मोठेपण. बऱ्याच वेळाने वहिनींनी पदर खोचला आणि त्या वर चढल्या. बोट लावले. उतरल्या. मग पुन्हा चढल्या, पुन्हा बोट लावले.

"मोकळी आहे," त्या म्हणाल्या.

मास्तर उडाले. समुद्रावर एक मोठी फेरी घेऊन परत आले. सारे लोक आकाशाकडे पाहत होते. वहिनी मात्र पूर्ण वेळ दुसऱ्या हाताच्या पंजाने आपले ते बोट घट्ट धरून जमिनीकडे पाहत होत्या. चाके टेकल्याचा आवाज झाला तेव्हा त्यांनी ते सोडले.

पुढे नाशिकच्या एका कारखान्याने मास्तरांना बोलावले. ते विमानानेच गेले, दुसऱ्या आसनावर वहिनी. जुहूला निरोप द्यायला मी एकटाच होतो. नळी वहिनींनीच पाहिली. विमान लहान होत गेले, मग त्याचा आवाज लहान झाला, आणि मी वाळूत उभा राहून, जे दिसत नव्हते त्याकडे पाहत राहिलो. परतल्यावर मूर्तीच्या कारखान्यात डोकावलो, तर आढ्याला नुसते दोरखंड लोंबत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत महाराष्ट्र झाला. लालबागेत रोषणाई होती, जो भेटेल तो पेढा देत होता. सावंताने मला मिठी मारली आणि कानात ओरडला की मुंबई मिळाली. मी पेढा घेतला. मलाही आनंद झाला होता. इतका, की तो नीट वाक्यात बांधून संध्याकाळी कोणाला तरी वाचून दाखवावा असे वाटले. कागद घेतला, मसुदा केला, आणि सवयीने जिन्याकडे निघालो. मास्तरांच्या खोलीत तेव्हा नवे बिऱ्हाड आले होते. दार उघडणाऱ्या बाईंनी विचारले, कोण पाहिजे? मी म्हणालो, कोणी नाही.