मन्मथची गोल कानस

मन्मथ हा औसा रोडवरच्या वीरण्णांच्या वर्कशॉपातला ड्रिलवाला. तोंडानं कंजूष, पण हातानं उदार. लातूर नवंनवं जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांच्या पाट्या चकचकीत आणि विहिरी कोरड्या ठणठणीत. जो तो बोअरच्या मागे लागलेला. बोअरचे पाइप एकमेकांना जोडणाऱ्या लोखंडी चकत्यांना भोकं पाडण्यात मन्मथचा दिवस जाई. भोक पडलं की तो त्यात गोल कानस दोनदा फिरवून ते जरा सैल करी. कुणी सांगितलं नव्हतं. "रानात बोल्ट अडला तर त्या माणसानं कुठं जावं?" एवढंच म्हणे.

अशात हैदराबादच्या एका कारखान्याचे साहेब ॲल्युमिनियमचं मोठं कडं घेऊन आले. रॉकेटचा शेवटचा टप्पा आणि त्यावरचा उपग्रह यांच्यामध्ये बसणारं. चोवीस भोकं पाडायची, केसभरही ढिलाई चालणार नव्हती. जमलं तर वर्षभराचं काम.

"म्हंजे डोईवरच्या घागरीखालची चुंबळच की," मन्मथ म्हणाला.

"तीच," साहेब हसले. "पण ही हलली तर घागर गेलीच."

तीन दिवसांत तेवीस भोकं बिनचूक पडली. चोविसावं पडलं, जीव हलका झाला, आणि कानस कधी हातात आली हे त्यालाच कळलं नाही. दोन फेरे मारून झाल्यावर तो भानावर आला आणि त्यानं कानस घाईनं परत खिशात कोंबली.

साहेबांनी इथली तिथली सहा भोकं तपासली आणि कडं पास केलं. वीरण्णा पेढे आणायला निघाले. गप्प बसलं की काम फत्ते! पण मन्मथला आपली बायको शिवम्मा दिसू लागली. मैलभरावरून डोईवर पाणी आणणारी. चुंबळ सरकली की तिची सगळी खेप मातीत.

"साहेब, हे शेवटलं बघा. माझ्या हातानं सैल झालंय."

मापाची सळई भोकात डुगडुगली. कडं बाद झालं.

"तुला कुणी इचारलं होतं का रे?" वीरण्णा ओरडले.

साहेब मन्मथकडे वळले. "दुसरं कडं देतो. पुन्हा असं होणार नाही, शपथ घेता?"

मन्मथचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला आणि थांबला. "शपथ न्हाई घेत, साहेब. हाताला लई सवय हाय. कानस मालकाच्या कुलपात ठिवा."

साहेबांनी दुसरं कडं जीपमधून उतरवलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी त्याचंही चोविसावं भोक पडलं, आणि मन्मथचा हात आपसूक खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता; कानस वीरण्णांच्या कुलपात होती. नुसती शपथ घेऊन कानस खिशातच ठेवली असती तर शपथ आत्ता मोडली असती, या विचारानं त्याला दरदरून घाम फुटला.