ताम्बेलपर्यंतची हाक

दिवसा बार्लाशी बोलायला गेलात, तर ती नुसती मान हलवायची. शिष्ट म्हणून नाही हो. आवाज संध्याकाळसाठी राखून ठेवायची. गाय वळवायची तर पाठीवर थाप, नवऱ्याला जेवायला बोलवायचं तर पातेल्यावर पळी. तो बिचारा भांडायची हौस मनातच ठेवून गेला. मी तिची शेजारीण, मेंगिया. तिच्या वाटचंही मीच बोलायचे, त्यामुळे आमच्या आळीत कधी शांतता म्हणून नांदली नाही.

दिवस कलला की चीज करायचं काम तसंच टाकून बार्ला दूध गाळायचं लाकडी नरसाळं उचलायची आणि कड्यावर जायची. नरसाळं तोंडाला लावून एकेका गावाला हाक. "साल्वेत, घरी या! प्रादा, घरी या! लुमिन्स, घरी या!" आणि सगळ्यांत शेवटी, दरीच्या पार पलीकडचं ताम्बेल. त्या वेळी दरी धुक्याने भरलेली असायची. आवाज त्यात सावकाश उतरायचा, आणि मग कुठेतरी खाली एक दिवा लागायचा, मग दुसरा. ती गावांना बोलवत नाहीये, तिच्या हाकेनेच एकेक गाव धुक्यातून वर येतंय, असं मला कितीदा वाटलंय. एखाद्या संध्याकाळी ती आजारी पडली तर उद्या सकाळी आपण असू की नाही, असले वेडे विचार मनात यायचे.

परके लोक विचारतात, तुमचं वाल्झीना प्रजासत्ताक आहे तरी केवढं? शाळेच्या पुस्तकात लिहिलंय की माणसांपेक्षा गाई जास्त, सैन्य नाही, अध्यक्ष दरवर्षी नवा. खरं आहे. यंदाचा अध्यक्ष आमचा याखेन, एरवी पाव भाजतो. पण केवढं याचं उत्तर पुस्तकात नाही, ते बार्लाच्या गळ्यात होतं. पणजोबांच्या काळात शेजारच्या मोठ्या राज्याशी ठरलंय: जिथवर कड्यावरची हाक ऐकू येते, तिथवर वाल्झीना. दर वसंतात त्यांचा अंमलदार ताम्बेलात येऊन उभा राहतो. हाक आली की टोपी काढून परत जातो. नाही आली, तर ताम्बेल त्यांचं.

आणि ऐकली की नाही हे सांगायचं कुणी? तर ताम्बेलात राहणाऱ्या, पण पल्याड, त्या मोठ्या राज्यात, जन्मलेल्या माणसाने. म्हणजे दोन्हीकडच्यांचा विश्वास. इतकी वर्षं ते काम एक म्हातारा कल्हईवाला करायचा. तो गेल्या हिवाळ्यात वारला. आता पल्याडची अशी ताम्बेलात एकच उरली, आफ्रा. बार्लाची सून.

इथेच सगळी मेख होती. आमच्याकडे लग्नाच्या संध्याकाळी गावाच्या नावामागून नव्या नवरीचं नाव कड्यावरून घेतात. "अमकी, घरी ये." ते ऐकलं की सासरचे लोक तिचा वाडगा पाहुण्यांच्या फळीवरून काढून घरच्या फळीवर ठेवतात. बार्लाचा मुलगा दुरी ताम्बेलात शेती करायला गेला आणि पल्याडहून आफ्राला लग्न करून तिथे घेऊन आला, त्या संध्याकाळी बार्लाने ताम्बेलला हाक मारली, नरसाळं खाली ठेवलं आणि घरी आली.

"अगं, सुनेचं नाव?" मी म्हटलं.

"घसा बसलाय," ती म्हणाली. खणखणीत आवाजात!

"पोरीने काय घोडं मारलंय तुझं?"

"पल्याडचं नाव माझ्या बापाने या कड्यावरून कधी घेतलं नाही. मी घेणार नाही."

संपलं. आफ्राला मुलगी झाली, मुलगी गुरं राखायला लागली, तरी आफ्राचा वाडगा पाहुण्यांच्या फळीवरच. दुरीने एकदा काढून घरच्या फळीवर ठेवला होता, तर आफ्रानेच परत होता तिथे ठेवला. म्हणाली, "आपल्या हाताने नको." मला बार्लाचा असा राग यायचा! पण बार्लाला कोण सांगणार? भिंतीला सांगितलेलं बरं, ती निदान ऐकून घेते.

कल्हईवाला गेला त्याच हिवाळ्यात मात्र बार्लाचा घसा खरंच बसला. लोणी खाल्लं, भाजलेला कांदा बांधला, मधाचं चाटण झालं. आवाज पहिल्या दोन गावांपर्यंत जायचा आणि तिसऱ्याला चिरकायचा. दुसऱ्या कुणाला शिकव म्हटलं तर फिस्कारली, "हाक म्हणजे काय खुरपं आहे, उचललं नि दिलं?"

ऐकण्याचा दिवस आला. सकाळपासून धुकं. मी तिला धरून कड्यावर नेलं. पलीकडे ताम्बेलात अंमलदार, याखेन आणि सगळं गाव उभं असणार हे माहीत होतं, पण दिसत काही नव्हतं. आम्ही दोघी जणू ढगात बसलो होतो.

"साल्वेत, घरी या!" गेली. "प्रादा, घरी या!" गेली कशीबशी. लुमिन्सला आवाज फाटला. आणि ताम्बेलचा "ता" म्हणायला तोंड उघडलं, तर नुसती हवा. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. ती मटकन खाली बसली.

"मी ओरडू का?" मी म्हटलं. मला रडू येत होतं.

"तुझ्या आवाजाने गाई पळतील," ती कुजबुजली. धुकं आमच्या मांडीवरून वाहत होतं. शेवटी तिने नरसाळं पुन्हा तोंडाला लावलं आणि मीठ मागावं इतक्या हळू आवाजात म्हणाली, "आफ्रा. घरी ये गं."

मी खांद्याला खांदा लावून बसले होते म्हणून मला ऐकू आलं. तेही जेमतेम.

"अगं बये!" मी ओरडलेच. "गावाचं नाव घ्यायचं सोडून हे काय?"

"गाव आता जाणारच," बार्ला म्हणाली. "गाव गेलं की ती पुन्हा पल्याडची. मग तिला कुठल्या तोंडाने बोलवू?"

आणि तेवढ्यात धुक्याच्या पलीकडून ताम्बेलच्या चर्चची घंटा वाजायला लागली. हाक ऐकली की वाजवतात ती. बार्लाने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. "वेडी झाली का ती माणसं?" ती म्हणाली आणि पदराआड लपणाऱ्या पोरीसारखी माझ्या शालीत तोंड घालून रडली.

तिकडे काय झालं ते याखेनने दुसऱ्या दिवशी पाव विकता विकता सांगितलं. कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. अंमलदार गालात हसत होता. त्याने आफ्राला विचारलं, "बाई, तुम्ही आमच्या मातीतल्या. खरं सांगा, काही ऐकलंत?"

"ऐकलं."

"काय ऐकलंत?"

"माझं नाव घेतलं सासूबाईंनी. घरी ये म्हणाल्या."

ताम्बेलात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की ते नाव कधीच घेतलं गेलं नव्हतं. एवढी मोठी थाप कोण मारेल? मग बायका डोळे पुसायला लागल्या, दुरी तर ढसाढसा रडला. अंमलदाराने ते सगळं बघितलं आणि मुकाट टोपी काढली.

मी पाव तिथेच ठेवला आणि दरी उतरून ताम्बेलची वाट धरली. आफ्रा अंगणात दुधाची भांडी घासत होती. मला बघताच तिचा चेहरा उतरला.

"मेंगियामावशी, सासूबाई चिडल्या असतील ना? मला काही ऐकू आलं नव्हतं. खोटं बोलले मी."

"मग खोटंच बोलायचं तर ताम्बेलची हाक ऐकली म्हणायचंस. तुझं नाव कशाला?"

ती खाली बघून घासत राहिली. "रोज संध्याकाळी कान देऊन उभी राहते, मावशी. आयुष्यात एकदाच खोटं बोलायचं, तर म्हटलं, आपल्या आवडीचं बोलावं."

मला पुढे बोलवेना. मला! मग सांगितलं तिला, कड्यावर काय झालं ते.

"चेष्टा नका करू," ती म्हणाली.

"चेष्टा करायला या गुडघ्यांनी दरी उतरून चढेन का मी? माझ्या कानाने ऐकलंय. 'आफ्रा, घरी ये गं' म्हणाली."

तिच्या हातातलं भांडं घरंगळत अंगणाच्या टोकाला गेलं. ती ओल्या हातांनी तशीच पायरीवर बसली.

"'गं' म्हणाल्या?"

"म्हणाली."

"पुन्हा एकदा सांगा, मावशी. त्या म्हणाल्या तसंच सांगा."